ठाण्यातलं भाड्याचं घर, बोहो सजावट आणि पावसाळा: काय घ्यावं, काय टाळावं?

पश्चिमेची_खिडकी

नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडला कासारवडवलीजवळ आम्ही नुकतेच राहायला आलोय. टू बीएचके, वरचा मजला, घर भाड्याचं. करार अकरा महिन्यांचाच आहे, पण मालक बाहेरगावी असतात आणि पुढची काही वर्षं तरी घर सोडायला सांगणार नाहीत असं त्यांनीच सांगितलंय. घरात मी, नवरा, सहा वर्षांची लेक, सासूबाई आणि एक मांजर.

घर हवेशीर आहे, पण आत शिरलं की दवाखान्यात आल्यासारखं वाटतं. चकचकीत पांढऱ्या टाइल्स, पांढऱ्या भिंती, छतात पांढरेशुभ्र एलईडी. मला सैलावलेलं घर हवंय. कुणीही यावं, पाय पसरून जमिनीवर बसावं, पुस्तकं हाताशी पडलेली असावीत, रंगांनी एकमेकांशी जुळायचा हट्ट धरू नये. बोहो म्हणतात ना, तसं. फोटो ढिगाने बघून झालेत. वेताची खुर्ची, दोऱ्यांना गाठी मारून केलेली मॅक्रमेची झालर, ज्यूटचा गोल गालिचा, पाम्पास गवताचे तुरे, झाडंच झाडं. बघायला फार आवडतं, पण हे सगळं आपल्या हवेत किती दिवस धड राहील याची शंका येते.

अडचणी अशा: मालकांची एकच अट आहे, भिंतींना भोकं पाडायची नाहीत. हॉलची मोठी खिडकी पश्चिमेला, येऊरच्या डोंगराकडे. दुपारचं ऊन थेट आत येतं आणि पावसाळ्यात झड येईल असं शेजारचे सांगतात. रस्त्यावर मेट्रोच्या कामाची धूळ आहेच. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे सगळी बैठक जमिनीवर आणता येणार नाही. आणि खर्च ४०,००० च्या आत बसवायचाय.

नवऱ्याचं म्हणणं, ऑनलाइन पूर्ण हॉलचा बोहो सेट मिळतो, एकदाच मागवू आणि मोकळे होऊ. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते धड सांगताही येत नाहीये. ज्यांनी असं घर प्रत्यक्षात लावलंय त्यांनी सांगा ना, सुरुवात कुठून करू?


लुकलुकता_दिवा

सुरुवात दिव्यापासून करा. बाकी काही आणायच्या आधी.

छतातले तुमचे एलईडी बहुधा ६५०० केल्विनचे, म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाचे असणार. त्या उजेडात गेरूचा, हळदीचा, विटकरी रंग मेलेला दिसतो, कितीही चांगलं कापड आणलंत तरी. मालकांचे दिवे काढायची गरज नाही. ते संध्याकाळी लावायचेच नाहीत. त्याऐवजी तीन दिवे खाली आणा: एक जमिनीवर, एक बैठकीशेजारी स्टुलावर, एक पुस्तकांच्या कपाटावर. बल्ब २७०० ते ३००० केल्विनचे, खोक्यावर 'वॉर्म व्हाइट' लिहिलेलं असतं. ९ वॅटचा एक आणि ५ वॅटचे दोन एवढ्यात हॉल पुरतो. लेकीच्या अभ्यासाला मात्र वेगळा पांढरा दिवा ठेवा.

शेडसाठी बांबूची रोवळी घ्या, तांदूळ धुवायची. जांभळी नाक्याच्या बाजारात बघा. उलटी करून तळाला होल्डरपुरतं भोक पाडलं की भिंतीवर विणीची सावली पडते. आत एलईडीच लावा, जुना पिवळा तापणारा बल्ब नको.


वाकळ

मी साठी ओलांडलेली आहे म्हणून अगंतुगं करते, चालेल ना? नेरूळला सिडकोच्या जुन्या घरात राहते. पडदे, लोड, अभ्रे, गोधड्या शिवण्यात माझी उमर गेली. त्यामुळे मला कापडच सुचणार हे खरं, पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर कापडच आहे असं मला मनापासून वाटतं.

वरचा दिव्याचा सल्ला सोन्यासारखा आहे, तो आधी ऐक.

आता सेट. सेटमधली एकूण एक वस्तू एकाच दिवशी, एकाच गोदामातून आलेली असते आणि ते डोळ्यांना कळतं. शिवाय त्यातली निम्मी तरी आपल्याकडे जून ते सप्टेंबर आजारी पडते. जुलैत आपल्या हवेतला दमटपणा दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर असतो, आणि बुरशीला ७० सुद्धा पुरतात. ज्यूट पाणी पितं, वाळता वाळत नाही, वास मारतं. लादी पुसल्यावर त्याच्याखाली ओल राहिली की टाइलवर तपकिरी डाग उठतो, तोही मालकाच्या टाइलवर. पाम्पासचे तुरे धूळ धरून ठेवतात आणि ते धुताही येत नाहीत. मॅक्रमे सुती दोरीचं असेल तर धुता येतं, पण जाड गाठी पावसात आतून वाळत नाहीत, पिवळ्या पडतात. हौस असेल तर लहानसं घे आणि मे संपताना उतरवून कपाटात ठेव.

माझा नियम सरळ आहे. जे बादलीत बुडवता येतं किंवा उन्हात झटकता येतं तेच बैठकीच्या खोलीत आणायचं. मग धूळ येऊ दे, मांजर येऊ दे, लेकीच्या हातून वरण सांडू दे. धुता येणाऱ्या घरात कुणाला 'जपून बस' म्हणावं लागत नाही. तुला हवाय तो सैलपणा तिथूनच येतो.

पडद्यापासून सुरू कर. पश्चिमेच्या उन्हात गडद रंग दोन उन्हाळ्यांत विटतो, म्हणून मांजरपाट घे, म्हणजे न रंगवलेलं सुती कापड. त्याला उडायला रंगच नाही, आणि दुपारी चारला त्यातून ऊन गाळून आलं की अख्खी खोली सायीच्या रंगाची होते. रुंदी खिडकीच्या दुप्पट. शिवायच्या आधी कापड रात्रभर पाण्यात टाक, खळ निघेल आणि आटायचं तेवढं आटेल. कोरं शिवलंस तर पहिल्या धुण्यानंतर पडदा जमिनीपासून वर उचलला जाईल.

मग गोधडी. सासूबाईंच्या, आईच्या, मावशीच्या जुन्या सुती साड्या गोळा कर. सुती म्हणून दिलेल्या निम्म्या साड्या सुती नसतात. कडेचा एक दोरा काढून चिमट्यात धर आणि जाळून बघ. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि राख बोटात भुरभुरते. पॉलिस्टरचा दोरा वितळतो, टोकाला टणक मणी होतो. तसली साडी गोधडीत नको, अंगाला चिकटते आणि घाम शोषत नाही.

चार-पाच थर पुरतात. सगळ्यात विटलेली, सगळ्यात मऊ साडी वर ठेवायची, नवीन दणकट आत. थर जमिनीवर अंथरून तळहाताने सुरकुत्या कडेला ढकलायच्या, कडेने कच्चे टाके घालायचे. मग काठाकडून सुरुवात करून धावदोरा फिरवत फिरवत आत न्यायचा, चौकोनात चौकोन. दोन ओळींत बोटाच्या एका पेराएवढं अंतर. शिवून झाल्यावर गोधडी सपाट आणि थोडी कडकच वाटते, मन खट्टू होतं. पण धुऊन वाळली की दोरा आटतो, ओळींच्या मधे कापड फुगून येतं आणि तिला तो बारीक चुरगळलेला पोत मिळतो. विकतच्या छापील 'क्विल्ट'ला तो कधीच येत नाही. तुला शिवायला वेळ नसेल तर बायका शिवून देतात, साड्या मात्र आपल्या द्यायच्या.

सोफा असेल तर सोलापुरी चादर आडवी टाक. कितीही वर्षं धुवा, चादर हूं की चूं करत नाही.

जमिनीवर ज्यूटऐवजी सुती सतरंजी. एकच मोठी घेऊ नकोस, ती घरात धुता येत नाही. दोन-तीन मध्यम आकाराच्या एकमेकींवर तिरक्या टाक. थंडीत त्यांच्यावर घोंगडी. घोंगडी सारखी धुवायची नसते, उन्हात झटकायची. लोकरीला कसर लागते, म्हणून पावसाळ्याआधी कडक ऊन दाखव, वाळवलेला कडुनिंबाचा पाला घडीत घाल आणि जुन्या सुती पिशवीत बांधून ठेव.

रंगांचं म्हणशील तर ते जुळवत बसू नकोस, पण कुठलाही एक रंग खोलीत तीन ठिकाणी दिसू दे. गोधडीतला विटकरी एका उशीवर आणि एका कुंडीवर आला की बाकीचे रंग आपसूक नांदतात.

वेताची खुर्ची घ्यायचीच तर हात लावून बघ. वेत आतून भरीव असतो, बांबू पोकळ. स्वस्तातला कच्चा बांबू काही महिन्यांत भुंगा लागून पीठ सोडतो. बारीक भोकं आणि खाली पिवळी पूड दिसली तर ती खुर्ची घरात आणू नकोस. वेतासाठी माहीमची दुकानं बघ. हातमागाच्या कापडासाठी मात्र सीबीडी बेलापूरच्या अर्बन हाटला जा. वेगवेगळ्या राज्यांतले विणकर आणि कारागीर तिथे आळीपाळीने येतात. विणणाऱ्यालाच विचारता येतं की रंग पक्का आहे का, आणि तो खरं सांगतो.


खोपटकर

वाकळकाकूंचा प्रतिसाद जपून ठेवलाय.

भिंतींबद्दल माझे दोन शब्द. घोडबंदरचे बरेचसे नवे टॉवर मायवनचे आहेत, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती. मालकांनी परवानगी दिली असती तरी साधा खिळा वाकलाच असता, हॅमर ड्रिल लागतं. त्यामुळे भोकं नाहीत याचं वाईट वाटून घेऊ नका.

चिकटवायचे हुक टाइलवर आणि काचेवर मस्त धरतात. रंगवलेल्या भिंतीवर मात्र पावसाळ्यात रंगाचा पापुद्रा घेऊन खाली येतात आणि डिपॉझिटमधून पैसे कापले जातात ते वेगळंच. त्यापेक्षा:

खिडकीवर पडद्याचा पाइप आधीच असेल. त्याच्या दोन टोकांना एस आकाराचे हुक अडकवून हलक्या कुंड्या टांगता येतात. पॅसेजमध्ये दोन भिंतींच्या मधे स्प्रिंगचा दांडा ताणून बसवा, त्यावर कापड किंवा चित्र लटकतं. हॉलमध्ये जुनी लाकडी शिडी भिंतीला टेकवून ठेवा, गोधड्या, चादरी, शाली त्यावर टाका. शिडीच्या पायांना रबर लावा, या टाइल्सवर सटकते. लहान मूल आहे तर वरचं टोक कपाटाला दोरीने बांधाच.

मोठी चित्रं टांगायची गरज नसते. जमिनीवर ठेवून भिंतीला टेकवली तरी छान दिसतात, त्यातही बैठक खाली असेल तर ती बरोबर नजरेच्या उंचीवर येतात.


डहाणू_लोकल

भिंतीचा विषय निघालाच आहे तर एक कळकळीचं सांगणं. बोहो म्हटलं की वारलीचे स्टिकर आणि छापील वॉलपेपर हमखास येतात. ते घेऊ नका.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा होईपर्यंत वारल्यांचा हा सगळा भाग ठाणे जिल्ह्यातच होता. म्हणजे ही तुमच्या शेजारची कला आहे, अस्सल चित्र मिळवायला लांब जायला नको. शेणाने किंवा गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, आणि टोक ठेचून कुंचला केलेली बांबूची काडी, एवढंच साहित्य. लग्नघरात सवाशिणी चौक, म्हणजे चौकोनी चित्र काढतात, मधे पालघट देवी असते. ते देवीचं आवाहन आहे, शोभेची नक्षी नव्हे. तो चौक पायपुसण्यावर आणि बसायच्या उशीवर छापलेला बघितला की मला फार लागतं.

घरासाठी तारपा या वाद्यावरचा नाच, भातलावणी, झाडं, पाखरं असले विषय घ्या, आणि कापडावर काढलेलं चित्र घ्या. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रं कागदाकापडावर आणून जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज त्या भागातल्या गावांतून कितीतरी तरुण चित्रकार काम करतात आणि प्रदर्शनांत स्वतः बसतात. त्यांच्याकडून घ्या, नाव विचारा, सही घ्या. कापडावरचं चित्र गुंडाळून नेता येतं, वरच्या खोपटकरांच्या दांड्यावर भोक न पाडता टांगता येतं. फक्त पश्चिमेच्या खिडकीसमोर नको.


पश्चिमेची_खिडकी

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! नवऱ्याला पूर्ण धागा वाचून दाखवला. सेट रद्द. काल वॉर्म व्हाइट बल्ब आणले, छतातले दिवे बंद ठेवले, तर सासूबाई स्वतःहून हॉलमध्ये येऊन बसल्या.

साड्यांचं विचारल्यावर त्यांनी पेटीतून सहा काढून दिल्या. दोरा जाळून बघितला, चार सुती निघाल्या. दोन इरकली आहेत, त्या कापायच्या नाहीत असं दोघींचं ठरलं, त्या शिडीवर टाकणार.

आता दोनच प्रश्न. झाडं कुठली घेऊ? मॉन्स्टेरा आणि मनी प्लांट मनात आहे, पण मांजर सगळं चावून बघतं. आणि वाकळकाकू, बैठक कशी करू म्हणजे सासूबाईंना उठता-बसता येईल आणि लेकीला लोळताही येईल?


तीन_मांजरं

मॉन्स्टेरा आणि मनी प्लांट दोन्ही नकोत. त्यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावलं की तोंडाची आग होते, लाळ गळते, मांजर उलट्या काढतं. लहान मुलांनाही त्रास होतो. डिफेनबेकियाचं तेच. स्नेक प्लांटनेही पोट बिघडतं. आणि गुच्छातसुद्धा खरी लिली घरात येऊ देऊ नका, तिच्याने मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात.

अरेका पाम, स्पायडर प्लांट, बॉस्टन फर्न ही तिन्ही मांजरांना चालतात आणि आपल्या दमट हवेत खुशीत वाढतात. अरेका मोठा घ्या, एकच. कोपऱ्यात ठेवला की खोली भरते. पश्चिमेचं थेट ऊन त्याला सोसत नाही, पडद्याच्या आत ठेवा. फर्न झड लागणाऱ्या बाजूला ठेवला तरी चालतो.

पावसाळ्यात कुंडीखालच्या बश्या आठवड्यातून एकदा तरी रिकाम्या करून घासा. डेंग्यूचा डास तसल्या स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो. बाटलीत पाण्यात वाढवलेल्या वेलींचंही पाणी बदलत राहा.


वाकळ

इरकली कापली नाहीस ते फार बरं केलंस.

बैठक दोन उंचीची कर. भिंतीला लागून सासूबाईंसाठी लाकडी दिवाण, आणि त्याच्या पुढ्यात सतरंजीवर चार इंची गादी, लेकीसाठी आणि तुमच्यासाठी. गादी आणि दिवाण एकाच कापडाने मढव, म्हणजे दोन पायऱ्यांची एकच बैठक वाटते.

दिवाणाची उंची गादीसकट १८ इंच हवी, पण माप माणूस बसवून, गादी दबल्यावर घ्यायचं. नुसत्या कापसाची गादी वर्षभरात चार इंचांची अडीच होते आणि गुडघे पुन्हा ओरडायला लागतात. म्हणून दिवाणावर खाली काथ्याची कडक गादी आणि वर पातळ कापसाची घे. एका टोकाला हात टेकून उठता येईल असा कठडा असू दे. तो नसेल तर दिवाण भिंतीच्या कोपऱ्यात बसवून त्या टोकाला जड लाकडी स्टूल ठेव. दिवाण नवा घ्यायला नको. उल्हासनगरला जुनं-नवं दोन्ही बघून ये, सागाचा जुना मिळाला तर पाय तेवढे उंच करून घे.

जमिनीवरच्या गादीतला कापूस दर उन्हाळ्यात पिंजून घ्यायचा. पावसात ती रोज सकाळी उचलून भिंतीला उभी करायची, खाली हवा खेळली पाहिजे. ते काम लेकीला दे, त्या वयाच्या मुलांना अशी कामं आवडतात.

लोड दोन पुरेत. २७ इंच लांब, ९ इंच जाड. अभ्र्याला गोलाईसाठी शिवणीसकट ३० इंच रुंद कापड लागतं, दोन्ही टोकांना नाडी ओवायला लांबीत पाच-पाच इंच जादा धर. लोखंडी चेन लावू नकोस, खाडीच्या हवेत गंजते आणि कापडावर डाग सोडते. नाडीच बरी, ओढून गाठ मारली की झालं. प्रत्येक लोडाला दोन अभ्रे शिव, कारण जुलैत धुतलेला अभ्रा वाळायला दोन दिवस लागतात. उरलेलं कापड टाकू नकोस, गोधडीच्या काठाला लागेल.